असेम्ब्लर: प्रोग्रॅमिंगमधला आणि अणुरेणूंच्या जगातला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिप्लोमाच्या मुलांना मी बरीच वर्षं मायक्रोप्रोसेसर शिकवला, त्यामुळे ‘असेम्ब्लर’ हा शब्द कुठेही अडला की प्रश्न माझ्याकडे येतो. निम्मे प्रश्न सबमिशनच्या आदल्या रात्री येतात. सेमिनारसाठी नॅनोतंत्रज्ञान घेणारी मुलंही अलीकडे याच शब्दाशी अडखळतात, म्हणून दोन्हीकडचे प्रश्न एकाच पानावर घेतले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हेक्स (म्हणजे सोळाच्या पायाच्या) आकड्यांतले ए ते एफ देवनागरीतच लिहिले आहेत.

१. असेम्ब्लर म्हणजे नक्की काय? कुठे सॉफ्टवेअर म्हणतात, कुठे यंत्र.

दोन्ही बरोबर. प्रोग्रॅमिंगमध्ये असेम्ब्लर म्हणजे असेम्बली भाषेतला मजकूर वाचून प्रोसेसरला कळणारे आकडे तयार करणारा प्रोग्रॅम. रेण्वीय नॅनोतंत्रज्ञानात असेम्ब्लर म्हणजे अणू-रेणू हव्या त्या जागी नेऊन, रासायनिक बंध जुळवून वस्तू उभारणारं अतिसूक्ष्म यंत्र. पहिला १९४०च्या दशकापासून आहे आणि आज जवळपास प्रत्येक कंपाइलरच्या पाठीशी असतो. दुसरा, जसा कल्पिला होता तसा, कोणीही बनवलेला नाही. हा फरक लक्षात ठेवून पुढचं वाचा.

२. असेम्बली आणि असेम्ब्लर एकच ना?

नाही. असेम्बली ही भाषा, असेम्ब्लर हा तिचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम. ‘मी असेम्ब्लरमध्ये कोड लिहिला’ असं जुनी मंडळी सर्रास म्हणतात, त्यांना म्हणू द्या. एका अनुवादात मी ‘विधानसभेची भाषा’ असंही वाचलं आहे. ते मात्र व्हायवात म्हणू नका.

३. मग कंपाइलरही भाषांतरच करतो की. फरक काय?

कंपाइलरला निवड करावी लागते. सी भाषेतल्या एका ओळीचं तो पाच प्रकारे भाषांतर करू शकतो: कोणतं रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची छोटी जागा) वापरायचं, लूप उलगडायचा की नाही, हे तोच ठरवतो. असेम्ब्लर असलं काही ठरवत नाही. तुम्ही ‘बी रजिस्टर ए मध्ये मिळव’ लिहिलंत की इंटेलच्या ८०८५ या प्रोसेसरसाठी तो ८० हा आकडा टाकतो. काल टाकला, आज टाकेल, तुमचा प्रोग्रॅम चुकीचा असला तरी टाकेल. (हेही शंभर टक्के खरं नाही. प्रश्न ८ पहा.)

जीसीसीसारखा कंपाइलर स्वतः असेम्बली मजकूर तयार करून असेम्ब्लरच्या हाती देतो. मधली फाइल पुसली जाते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

४. आम्हाला लॅबमध्ये किटवर आकडे टाकायला लावतात. असेम्ब्लर असताना ही शिक्षा कशाला?

ही शिक्षा मीही भोगली आणि नंतर दिलीही. ८०८५ च्या किटवर हेक्स कीपॅड आणि सहा आकड्यांचा लाल डिस्प्ले, बस. असेम्ब्लर तुम्हीच, हातात ऑपकोडचा (प्रत्येक सूचनेच्या आकड्याचा) तक्ता. साध्या बेरजेचं उदाहरण घ्या:

एमव्हीआय ए, २५ → ३ई २५
एमव्हीआय बी, १७ → ०६ १७
एडीडी बी → ८०
एसटीए २०५० → ३२ ५० २०
एचएलटी → ७६

नऊ बाइट. एमव्हीआय आकडा रजिस्टरात ठेवते, एडीडी बेरीज करते, एसटीए उत्तर मेमरीत ठेवते, एचएलटी म्हणजे थांबा. एसटीए मध्ये पत्ता उलटा लिहिला आहे, आधी ५० आणि मग २०, कारण इंटेलच्या या प्रोसेसरला खालचा बाइट आधी लागतो. निम्मे प्रोग्रॅम इथेच फसतात. मुलं ३२ २० ५० टाकतात, बेरीज ५०२० या पत्त्यावर जाते आणि २०५० वर जुना कचरा तसाच दिसतो. दहा मिनिटं किट बिघडलं म्हणून ओरड चालते.

एकदा एका परीक्षेत साठेक बाइट टाकून झाले आणि लाइट गेली. किटला बॅटरी नव्हती, मेमरी कोरी. परीक्षकांनी वेळ वाढवून दिला नाही. दुसऱ्यांदा टाकताना मला तक्ता बघावा लागला नाही, इतका तो डोक्यात बसला होता. हाताने असेम्बल करण्याचा फायदा एवढाच, पण तो खरा आहे.

५. वरच्याच प्रोग्रॅममध्ये २५ आणि १७ ची बेरीज ४२ न येता ३सी का येते?

कारण ते आकडे हेक्समध्ये आहेत, आणि हेक्समध्ये ३सी हेच बरोबर उत्तर. दशमान ४२ हवं असेल तर एडीडी बी च्या लगेच पुढे डीएए ही सूचना टाका, ऑपकोड २७. शेवटचा अंक सी म्हणजे ९ हून मोठा, म्हणून ती त्यात ६ मिळवते आणि ४२ करून देते.

६. असेम्ब्लरला दोन पास (फेऱ्या) का लागतात? एकदाच वाचून भागत नाही का?

अडचण पुढे येणाऱ्या लेबलाची, म्हणजे ओळीला दिलेल्या नावाची. समजा प्रोग्रॅम २००० पासून सुरू होतो:

२००० एलडीए २०५०
२००३ सीपीआय ००
२००५ जेझेड शेवट
२००८ आयएनआर ए
२००९ एसटीए २०५०
२००सी शेवट: एचएलटी

जेझेड म्हणजे निकाल शून्य असेल तर दिलेल्या जागी उडी मार. तिसऱ्या ओळीवर असेम्ब्लर ‘शेवट’ हा शब्द वाचतो, पण तो कुठे आहे हे त्याला अजून माहीत नाही. म्हणून पहिल्या फेरीत तो फक्त मोजतो. एलडीएला तीन बाइट, सीपीआयला दोन, जेझेडला तीन, असं मोजत तो पत्ता पुढे सरकवतो आणि लेबल दिसलं की वहीत टिपून ठेवतो: शेवट = २००सी. ती वही म्हणजे सिंबॉल टेबल. दुसऱ्या फेरीत जेझेडपाशी आला की वहीत बघून सीए ०सी २० लिहितो.

एका फेरीतही जमतं. जागा रिकामी सोडायची, लेबल सापडलं की मागे जाऊन भरायची. याला बॅकपॅचिंग म्हणतात. उलट दोन फेऱ्या न पुरणाराही प्रसंग येतो. इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरच्या कुटुंबात जवळच्या उडीला दोन बाइट लागतात, लांबच्या उडीला जास्त. उडी जवळची की लांबची हे मधल्या सूचनांच्या लांबीवर ठरतं आणि त्या मधल्या सूचनांमध्येही उड्याच असतात. मग आकार बदलायचे थांबेपर्यंत असेम्ब्लर फेऱ्या मारत राहतो. नॅझम हा असेम्ब्लर हेच करतो.

७. पुस्तकातल्या ‘मूव्हर एरेग’वाल्या सूचना कोणत्या प्रोसेसरच्या? बाजारात मिळेल का?

मिळणार नाही. मूव्हर, मूव्हेम, एरेग, बीरेग ही शिकवण्यासाठी रचलेली काल्पनिक भाषा आहे. आपल्याकडच्या सिस्टम प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये टू-पास असेम्ब्लर लिहायला सांगतात तो हिच्यासाठी. दहा-अकरा सूचना, मोजके नियम, त्यामुळे विद्यार्थ्याचं लक्ष सिंबॉल टेबलावर राहतं. मला ही सोय आवडते. मात्र त्यातून तयार होणारा कोड कुठल्याच चिपवर चालत नाही हे पहिल्याच तासाला सांगायला हवं. दर वर्षी कोणीतरी तो चालवून बघण्यात शनिवार घालवतं.

८. असेम्बलीची एक ओळ म्हणजे यंत्राची एक सूचना, हे नेहमीच खरं का?

बहुतेक वेळा खरं. अपवाद मजेदार आहेत.

काही ओळींतून एकही सूचना निघत नाही. ओआरजी, ईक्यूयू, एंड या असेम्ब्लरला केलेल्या सूचना असतात, प्रोसेसरला केलेल्या नव्हेत. मॅक्रो (एका नावाखाली बांधलेल्या ओळी) वापरला तर एका ओळीतून वीस सूचना निघू शकतात.

काही सूचना अस्तित्वातच नसतात. रिस्क-फाइव्ह या सूचनासंचात एका रजिस्टरातून दुसऱ्यात नेणारी ‘एमव्ही’ सूचना प्रोसेसरला माहीतच नाही. असेम्ब्लर गुपचूप ‘शून्य मिळव’ अशी सूचना टाकतो. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे भारतीय प्रोसेसर याच रिस्क-फाइव्हवर बेतलेले असल्यामुळे हा प्रश्न आता आपल्याकडेही येऊ लागला आहे.

तिसरा अपवाद मला सगळ्यात आवडतो. ८०८६ वर ‘बीएक्स एएक्समध्ये ने’ ही एकच सूचना दोन प्रकारे लिहिता येते: ८९ डी८ किंवा ८बी सी३. परिणाम तंतोतंत तोच. कोणती वापरायची हे असेम्ब्लर ठरवतो, म्हणजे प्रश्न ३ मध्ये ‘असेम्ब्लर काही ठरवत नाही’ म्हणालो ते इथे मोडतं.

९. ‘एमव्हीआय ए, एफएफएच’ लिहिलं की असेम्ब्लर ‘सिंबॉल सापडत नाही’ म्हणतो. का?

आकडा अंकाने सुरू व्हायला हवा. अक्षराने सुरू झालेलं काहीही त्याला लेबल वाटतं. पुढे शून्य लावून ०एफएफएच लिहा (शेवटचा एच म्हणजे हेक्स).

१०. पहिला असेम्ब्लर कशाने असेम्बल केला?

सुताराची हत्यारं लोहाराने केली, लोहाराचा पहिला हातोडा कोणी केला, तसाच हा प्रश्न. उत्तर सरळ आहे: हाताने. माणसानेच.

लंडनच्या बर्कबेक कॉलेजात कॅथलीन बूथ यांनी १९४७ च्या सुमारास एआरसी या संगणकासाठी सांकेतिक लेखनाची पद्धत मांडली. केम्ब्रिजचा एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ ला पहिल्यांदा चालला, तेव्हा त्यात डेव्हिड व्हीलर यांच्या ३१ प्रारंभिक आज्ञा तारांनी पक्क्या बसवलेल्या होत्या. पट्टीवरची अक्षरं वाचायची, त्यांचा यंत्रातला संकेत करायचा आणि मेमरीत ठेवायचा, एवढंच काम. त्याच वर्षी सुधारून त्या ४१ झाल्या. एवढ्याशा आज्ञांत असेम्ब्लरचं बीज होतं. आणि एक असेम्ब्लर उभा राहिला की पुढचा त्याच्याच भाषेत लिहून त्याच्याकडूनच असेम्बल करून घेता येतो.

नॅनोवाल्यांची गाडी नेमकी याच जागी अडली आहे. त्यांना पहिला हातोडा मिळालेला नाही (प्रश्न १३).

११. असेम्बल म्हणजे जुळवणी. भाषांतराला जुळवणी का म्हणायचं?

रास्त शंका. १९५१ मध्ये केम्ब्रिजच्याच मंडळींनी हा शब्द वापरला तेव्हा त्यांना सुटे तुकडे जुळवून एक प्रोग्रॅम करणं अभिप्रेत होतं. ते काम आज लिंकर करतो. शब्द मात्र भाषांतर करणाऱ्याला चिकटला. नॅनोमधला असेम्ब्लर शब्दाला जास्त जागतो, तिथे खरंच जुळवणी आहे.

१२. रेण्वीय असेम्ब्लरची कल्पना कोणाची? फाइनमन यांची ना?

बीज त्यांचं, शब्द त्यांचा नाही. रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ ला कॅलटेकमध्ये भाषण दिलं. मोठ्या हातांनी चौपट लहान हात बनवायचे, त्या हातांनी आणखी लहान, असं उतरत जायचं, ही त्यांची एक कल्पना. इंचाच्या चौसष्टाव्या भागात मावणाऱ्या मोटरीसाठी त्यांनी हजार डॉलरचं बक्षीस लावलं. विल्यम मॅकलेलन यांनी ते १९६० मध्येच, नेहमीच्या बारीक हत्यारांनी जिंकलं. नवं तंत्र निघेल ही फाइनमन यांची आशा तशीच राहिली.

‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द १९७४ मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी वापरला. असेम्ब्लर मांडला तो एरिक ड्रेक्सलर यांनी. १९८१ मध्ये शोधनिबंध, १९८६ मध्ये सर्वसामान्यांसाठी पुस्तक, १९९२ मध्ये गणितासकट जाडजूड ग्रंथ. सेमिनारला फाइनमन यांच्या नावावर सगळं खपवू नका.

१३. आज असा रेण्वीय असेम्ब्लर कुठे आहे का?

नाही. पण त्याच्या आसपासचं बरंच काही झालं आहे.

डॉन आयग्लर आणि एरहार्ड श्वाइझर यांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने झेनॉनचे ३५ अणू एकेक सरकवून कंपनीचं नाव लिहिलं. ते १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. अणू सरकवता येतो हे सिद्ध झालं, पण उणे २६९ अंशांच्या आसपास, निर्वात जागेत. शिवाय झेनॉन कोणाशी सहसा बंध जुळवत नाही. संगमरवरी फरशीवर गोट्या ढकलाव्यात तसं ते काम. भिंत बांधायची तर विटांना चुना लागतो. २००३ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या गटाने सिलिकॉनचा एकेक अणू निव्वळ यांत्रिक संपर्काने उचलून परत बसवला, ते या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

दुसरा रस्ता रसायनाचा. मँचेस्टरच्या डेव्हिड ली यांच्या गटाने २०१३ मध्ये एक कृत्रिम रेणू दाखवला. त्यातलं कडं एका दांडीवरून सरकत जातं आणि वाटेतली अमिनो आम्लं क्रमाने उचलून जोडतं. २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल सोवाज, स्टॉडार्ट आणि फेरिंगा यांना रेण्वीय यंत्रांसाठीच मिळालं. यातलं कशालाही ‘हवं ते बनवणारा असेम्ब्लर’ म्हणता येणार नाही.

१४. स्मॉली यांनी ‘रेण्वीय असेम्ब्लर अशक्य आहे’ असं सिद्ध केलं होतं ना?

आक्षेप घेतला होता, सिद्ध केलं नव्हतं. रिचर्ड स्मॉली म्हणजे १९९६ च्या नोबेलचे मानकरी, कार्बनच्या साठ अणूंचा चेंडू शोधणाऱ्यांपैकी एक. २००१ मध्ये त्यांनी दोन मुद्दे मांडले: जाड बोटं आणि चिकट बोटं. अणू धरणारी बोटंही अणूंचीच, मग एवढ्याशा जागेत ती मावणार कशी? आणि धरलेला अणू बोटालाच चिकटला तर सोडवायचा कसा? पुरणाचा गोळा हातातून सोडवताना होतं ते आठवा.

ड्रेक्सलर यांचं उत्तर असं की बोटं मी कधी म्हणालोच नव्हतो. विकरं जशी रेणूला नेमक्या बाजूने समोर आणतात तशी हत्याराच्या टोकाने आणायची. २००३ च्या अखेरीस दोघांची पत्रं एका रसायन-नियतकालिकात समोरासमोर छापली गेली. स्मॉली यांनी विचारलं, विकरं पाण्यात काम करतात, मग पाण्यात स्टील किंवा सिलिकॉन कसं बनवणार? आणि पाणी नको तर तुमचं रसायन कोणतं?

माझं मत विचाराल तर हा शेवटचा प्रश्न अजून उभा आहे. बोटांचा आक्षेप ड्रेक्सलर यांनी बऱ्यापैकी परतवला. ‘कोणतं रसायन’ याचं करून दाखवलेलं उत्तर मात्र मोजक्या पृष्ठभागांपुरतंच आहे.

१५. आपल्या पेशीतला रायबोसोम हा असेम्ब्लर नाही का?

आहे, आणि या पानावरच्या दोन्ही अर्थांनी. जीवाणूतला रायबोसोम सुमारे २० नॅनोमीटरचा. तो आरएनएवरची तीन-तीन अक्षरं वाचतो. चार अक्षरांचे ६४ त्रिक होतात आणि त्यांतून २० अमिनो आम्लं निवडली जातात. एयूजी म्हणजे सुरुवात. यूएए, यूएजी, यूजीए म्हणजे थांबा, आपल्या एचएलटीसारखंच. ऑपकोडचा तक्ताच तो. फक्त वाचून आकडा लिहिण्याऐवजी तो खरं अमिनो आम्ल जोडतो, जीवाणूत सेकंदाला पंधरा-वीस. त्याची रचना उलगडल्याबद्दल वेंकटरमण रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना २००९ चं नोबेल मिळालं.

त्याच्या मर्यादाही बघा. तो फक्त प्रथिनांची साखळी करतो, पाण्यातच करतो आणि हजारो जोडण्यांत एखादी चूकही करतो. आपल्या असेम्ब्लरने हजारात एक बाइट चुकवला असता तर कोणी वापरला नसता. पेशी चूक पचवते, प्रोसेसर पचवत नाही.

१६. असेम्ब्लरला स्वतःच्या प्रती काढता आल्याच पाहिजेत असं का म्हणतात?

हिशोब करा. १२ ग्रॅम कार्बन, म्हणजे जुन्या मापाने जेमतेम तोळाभर. त्यात ६ वर २३ शून्यं इतके अणू. एक असेम्ब्लर सेकंदाला दहा लाख अणू बसवतो असं उदार मनाने धरा. तोळाभर वस्तूला सुमारे १९ अब्ज वर्षं लागतील. विश्वाचं वय १३.८ अब्ज.

म्हणून एकाने दुसरा बनवायचा, दोघांनी चार. हजार सेकंदांत एक प्रत धरली तर दहा तासांत ३६ दुपटी, म्हणजे सुमारे ६,८७२ कोटी असेम्ब्लर. ड्रेक्सलर यांनी १९८६ मध्ये हेच गणित दिलं आणि लोक घाबरले ते यालाच.

१७. म्हणजे ‘ग्रे गू’? सगळी पृथ्वी खाऊन टाकणारा राखाडी लगदा?

रक्तबीजाची गोष्ट, थेंब पडला की नवा राक्षस. नाव ड्रेक्सलर यांनीच दिलं आणि नंतर पस्तावले. २००४ मध्ये ख्रिस फिनिक्स यांच्यासोबत त्यांनी लिहिलं की रेण्वीय उत्पादनाला मोकाट, स्वतःला वाढवणारी यंत्रं लागतच नाहीत. टेबलावर बसवलेला, बाहेरून सूचना घेणारा कारखाना पुरेल. शिवाय दुपटीला ऊर्जा लागते, नेमका कच्चा माल लागतो आणि निर्माण झालेली उष्णता बाहेर जावी लागते. मुंबईच्या लोकलमध्ये प्रवासी दर थांब्याला दुप्पट होत नाहीत, डबा भरतो.

१८. डिसअसेम्ब्लर दोन्हीकडे असतो का?

हो. प्रोग्रॅमिंगमध्ये तो आकड्यांवरून असेम्बली परत मिळवतो, पण लेबलांची नावं आणि टिपा गेल्या त्या गेल्या. ‘शेवट’चं नुसतं २००सी उरतं. शिवाय कोड कुठे संपतो आणि डेटा कुठे सुरू होतो हे त्याला ओळखावं लागतं. एका बाइटने चुकला की पुढच्या काही ओळी निरर्थक. नॅनोमध्ये ड्रेक्सलर यांनी वस्तू थराथराने सुटी करून रचना नोंदवणारा डिसअसेम्ब्लर कल्पिला होता. तो असेम्ब्लरइतकाच कागदावर आहे.

१९. क्रीमवर, कपड्यांवर ‘नॅनो’ लिहिलेलं असतं. तिथे असेम्ब्लर वापरतात का?

नाही. तिथे बारीक कण असतात, ढीगभर एकदम तयार केलेले. एकेक अणू कोणी बसवत नाही.

२०. जीनोम असेम्ब्लर हा यातला कोणता?

तिसराच. डीएनएचे वाचलेले लाखो तुकडे एकमेकांवर येणाऱ्या टोकांवरून जुळवणारं सॉफ्टवेअर. फाडलेलं वर्तमानपत्र परत लावण्यासारखं. आणि लॅमिंग्टन रोडवर ‘असेम्बल्ड पीसी’ करून देणारे दादा हा चौथा अर्थ. त्यांच्याकडे मात्र पावती मागून घ्या.

२१. आज असेम्बली शिकून नोकरी मिळते का?

निव्वळ असेम्बलीवर क्वचित. एम्बेडेड, मालवेअर-विश्लेषण, ऑपरेटिंग सिस्टिमचा बूट कोड, व्हिडिओ डीकोडर इथे लागते. एफएफएमपेग आणि डेव्हिड या डीकोडरमधले कळीचे भाग आजही हाताने असेम्बलीत लिहिलेले आहेत, कारण एकाच सूचनेत अनेक पिक्सेल हाताळण्याच्या कामात माणूस अजून कंपाइलरला मागे टाकतो. बाकी ठिकाणी कंपाइलरच जिंकतो. लिहिता नाही आली तरी वाचता यावी, एवढं धरा.

२२. सेमिनारला दोन्ही असेम्ब्लर एकत्र घेतले तर चालेल का?

चालेल, पण ‘दोघंही लहान तुकड्यांतून मोठं काही बनवतात’ यावर वीस स्लाइड काढू नका. प्रश्न १०, १५ आणि १६ धरा. प्रोग्रॅमची प्रत काढायला जवळजवळ काही लागत नाही, पदार्थाच्या प्रतीला अणू, ऊर्जा आणि वेळ लागतो. पहिली पायरी एकीकडे ३१ आज्ञांत झाली, दुसरीकडे व्हायची आहे. किट मिळालं तर प्रश्न ४ मधले नऊ बाइट सगळ्यांसमोर टाकून दाखवा. २०५० वर ३सी दिसलं की वर्गातून कोणीतरी ‘चुकलं’ म्हणणारच, तेव्हा प्रश्न ५ तयार ठेवा.